प्रेक्षकाच्या हातातील निशाण

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठीच्या अध्यापकाने शताब्दीच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, फार तर तापीकाठच्या बोलीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. माझ्या विषयाचे नाव सूचनाफलकावर लागले तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला रस्त्यातच गाठले आणि विचारले, "सर, क्रिकेट आणि झेंडे हा ग्रंथालयाचा विषय केव्हापासून झाला?" प्रश्न रास्त होता. त्यांना मी इतकेच म्हटले की, आपल्या वाचनकक्षात सकाळी सर्वांत आधी ज्या पानासाठी ओढाताण होते ते अग्रलेखाचे पान नव्हे, खेळाचे पान आहे. आणि त्या पानावरची एक बातमी काही वर्षांपूर्वी उडी मारून पहिल्या पानावर गेली, ती आपल्याच जिल्ह्यातली होती. त्या बातमीकडे मी येणारच आहे. परंतु थेट तेथून आरंभ केला तर आपण सारे आपापले मत आधीच हाती धरून बसू. म्हणून जरा वळसा घेऊन जातो.

आपल्या भाषेत या वस्तूला किती नावे आहेत पाहा. ध्वज आहे, पताका आहे, झेंडा आहे, निशाण आहे, बावटा आहे. हे शब्द कोशात शेजारी शेजारी बसत असले तरी व्यवहारात त्यांची घरे निराळी आहेत. ध्वज राष्ट्राचा किंवा देवळाचा, पताका वारकऱ्याच्या खांद्यावरची, बावटा मोर्च्याचा किंवा आगगाडीच्या गार्डाचा. निशाण हा शब्द फारसीतून आला; त्याचा मूळ अर्थ खूण एवढाच. हा कोण, कोणाच्या बाजूचा, हे दुरून ओळखू यावे म्हणून उंच धरलेली खूण. युद्धात तिचा उपयोग होता. धुळीच्या लोटात आपली फौज कोठे आहे हे शिपायाला त्या खुणेवरून कळे, आणि खूण पडली की फौजेचा धीर सुटे. म्हणून जरीपटका ज्याच्या हाती सोपवला जाई त्याची जबाबदारी सरदाराहून कमी मानली जात नसे. वारकऱ्याची पताकाही खूणच आहे. पण तिच्या समोर कोणी शत्रू उभा नाही. ती दिंडीतल्या मागच्या माणसाला वाट दाखवते, एवढेच. निशाणाचे हे दोन स्वभाव, एक रणातला आणि एक वाटेवरचा, आपण ध्यानात ठेवू. क्रीडांगणावरच्या प्रेक्षकाच्या हातात जे कापड असते ते या दोहोंपैकी कोणत्या जातीचे, यावरच सगळा वाद आहे.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला निशाणे बदलणे नवीन नाही. आपल्या असीरगडावर फारुकींचे निशाण होते. १६०१ मध्ये अकबराचे लागले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर गड आणि शहर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. १८१९ मध्ये इंग्रजांनी गड कायमचा घेतला. आणि १९४७ मध्ये तिरंगा आला. या साऱ्या उलथापालथीत खाली राहणारा विणकर, सोनार, माळी तोच राहिला. गडावरच्या निशाणाविषयी त्याला काय वाटते हे कोणी त्याला विचारले नाही, आणि त्याच्या हातात कोणी निशाण दिलेही नाही. सामान्य माणसाच्या हातात निशाण येणे ही फार अलीकडची गोष्ट आहे.

किती अलीकडची, याचा आपल्याला विसर पडला आहे. स्वतंत्र भारतातही २००२ पर्यंत सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर तिरंगा लावता येत नसे; प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन असे ठराविक दिवस सोडले तर तो अधिकार सरकारी इमारतींचा आणि काही पदाधिकाऱ्यांचा होता. हा निर्बंध सुटण्याची कथा तेव्हाच्या आपल्याच प्रांतात सुरू झाली. नवीन जिंदल या तरुण उद्योजकाने रायगढच्या कारखान्यावर तिरंगा लावला आणि अधिकाऱ्यांनी ध्वजसंहितेकडे बोट दाखवून हरकत घेतली. रायगढ तेव्हा मध्य प्रदेशात होते, आज छत्तीसगढात आहे. जिंदल दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली, आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदराने राष्ट्रध्वज फडकावणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. निर्बंध आहेत, पण मूळ अधिकार नागरिकाचा आहे. ज्या पिढीने १९८३चा विश्वचषक रेडिओला कान लावून ऐकला तिला हे वाचून आश्चर्य वाटेल की, लॉर्ड्सच्या मैदानावर त्या दिवशी भारतीय प्रेक्षक ज्या मोकळेपणाने तिरंगे नाचवत होते, तितक्या मोकळेपणाने त्यांच्या मायदेशातल्या भावांना ते आपल्या घरच्या गच्चीवर लावता येत नव्हते. आणि गंमत अशी की, त्याच लॉर्ड्सवर झेंडे, फलक आणि वाद्ये आत आणू नयेत असा तेथील क्लबचा जुना दंडक आहे.

आपल्या ध्वजसंहितेत प्रेक्षकाचा उल्लेख आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. महत्त्वाच्या राष्ट्रीय, सांस्कृतिक आणि क्रीडाविषयक प्रसंगी लोकांनी कागदी ध्वज हलवावेत, त्याला मुभा आहे. मात्र कार्यक्रम संपल्यावर ते जमिनीवर टाकू नयेत, खाजगीत आणि सन्मानपूर्वक त्यांची विल्हेवाट लावावी, असे ती सांगते. सामना संपल्यावर स्टेडियमच्या पायऱ्यांवर काय पडलेले असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्यावर अधिक भाष्य नको. ध्वजावर कोणतीही अक्षरे लिहिणे हा १९७१च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या कायद्याखाली अवमान ठरतो. आणि दूरचित्रवाणीवर आपल्याला जे मोठमोठे तिरंगे दिसतात त्यांतल्या निम्म्यांवर गावाचे, मंडळाचे किंवा एखाद्या फलंदाजाचे नाव पांढऱ्या पट्ट्यात ठळक रंगवलेले असते. कायद्याच्या शब्दाने पाहिले तर हे सारे गुन्हेगार. त्यांना कोणी पकडत नाही, आणि पकडू नये असेच मला वाटते. नंदुरबारच्या किंवा नेपानगरच्या पोराने आपल्या गावाचे नाव तिरंग्यावर लिहिले तर त्याच्या मनात अवमान नसतो. माझे गावही या देशात आहे, हे त्याला जगाला सांगायचे असते.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. सचिन तेंडुलकरच्या शिरस्त्राणावर तिरंगा असावा की नसावा यावर वाद झाला, आणि शेवटी २००५च्या जुलैमध्ये केंद्र सरकारला नियम बदलून खेळाडूंच्या पोशाखावर, कमरेच्या वर, तिरंग्याला परवानगी द्यावी लागली. २००८च्या जानेवारीत सानिया मिर्झाचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. पर्थच्या स्पर्धेत ती पाय पसरून बसली होती आणि समोर तिरंगा होता. कॅमेऱ्याच्या कोनामुळे पाय ध्वजाजवळ दिसत होते. भोपाळच्या न्यायालयात तिच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली. देशासाठी खेळणारी ती मुलगी खेळ सोडण्याचा विचार करू लागली होती. पांढऱ्या पट्ट्यावर गावाचे नाव लिहिणारा मोकळा, आणि कॅमेऱ्याचा कोन चुकला म्हणून खेळाडू आरोपी. नियम एकच, पण तो कोणाला लावायचा हे नियम ठरवत नाही, लावणारा ठरवतो.

हे सर्व आपल्या ध्वजाविषयी झाले. आंतरराष्ट्रीय सामन्यात दुसऱ्याचे निशाणही असते, आणि खरी अडचण तेथे आहे. संयोजकांचे काही नियम निव्वळ सोयीचे आहेत, त्यांच्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. काठी नको, कारण ती कोणाच्या डोळ्यात जाईल. फार मोठे कापड नको, कारण मागच्याला दिसणार नाही. लंडनच्या २०१२च्या ऑलिंपिकमध्ये एक मीटर बाय दोन मीटरहून मोठ्या झेंड्याला मनाई होती. पण त्याच यादीत पुढे असेही होते की, स्पर्धेत भाग न घेणाऱ्या देशांचे झेंडे आणू नयेत. येथे काठीचा प्रश्न संपतो आणि मनाचा सुरू होतो. देश कोणता आणि देश कोणता नव्हे, हे प्रवेशद्वारावर पिशव्या तपासणाऱ्या शिपायाला ठरवावे लागते.

तैवानचे उदाहरण घ्या. १९८१च्या करारानुसार तेथील खेळाडू 'चिनी तैपेई' या नावाने, एका वेगळ्याच झेंड्याखाली खेळतात. त्यांचे सुवर्णपदक आले तरी त्यांच्या देशाचे निशाण वर चढत नाही. पॅरिसच्या २०२४च्या ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या सामन्यात एका प्रेक्षक तरुणीच्या हातातून फलक हिसकावून घेतला गेला. त्यावर शिवी नव्हती, निषेध नव्हता. तैवानला प्रोत्साहन देणारे चार शब्द होते. कतारमध्ये २०२२च्या विश्वचषकात इराणच्या सामन्याला आलेल्या इराणी प्रेक्षकांकडून क्रांतिपूर्व काळातले, सिंह आणि सूर्य असलेले निशाण काढून घेण्यात आले. ज्या देशाचा संघ मैदानात होता त्याच देशाचे हे जुने निशाण. मेलबर्नच्या टेनिस स्पर्धेत १६ जानेवारी २०२३ रोजी युक्रेनच्या खेळाडूच्या सामन्यात कोर्टाच्या अगदी कडेला रशियाचा झेंडा झळकला. दुसऱ्या दिवशी रशिया आणि बेलारूस यांच्या झेंड्यांवर बंदी आली. मला ही बंदी अन्यायाची वाटत नाही. जिच्या गावावर बॉम्ब पडत आहेत तिच्या डोळ्यांसमोर तो झेंडा नाचवणे म्हणजे आपल्या खेळाडूला दिलेली दाद नव्हे, तो वार आहे. पण हे म्हणताच मला माझ्याच बोलण्याची भीती वाटते, कारण 'दाद' आणि 'वार' यांतली रेघ कोणी ओढायची?

ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या प्रेक्षकांनी २०१६च्या ऑगस्टमध्ये एका इस्रायली संघाविरुद्धच्या सामन्यात पॅलेस्टाइनचे झेंडे फडकावले. युरोपच्या फुटबॉल संघटनेने क्लबला दहा हजार युरो दंड केला. प्रेक्षकांनी मग वर्गणी काढली. एक लाख सत्तर हजार पौंडांहून अधिक जमले, आणि ती रक्कम त्यांनी पॅलेस्टिनी लोकांच्या मदतीला पाठवली. सात वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, कोलकात्याच्या ईडन गार्डनवर पाकिस्तान आणि बांगलादेश यांचा सामना चालू असताना त्याच झेंड्यासाठी पोलिसांनी चौघांना ताब्यात घेतले. सामन्याशी त्या झेंड्याचा संबंध नव्हता, हे खरे. संबंध नसलेल्या गोष्टी मैदानाबाहेर ठेवाव्यात, असा नियम सर्वांना सारखा लावला तर मी तो मान्य करीन. आमच्याकडे सामन्यात कोणकोणत्या घोषणा ऐकू येतात हे मात्र आपण सारे जाणतो.

आता पाकिस्तान. हा शब्द उच्चारताच सभागृहातली हवा थोडी बदलते, आणि त्याला कारणे आहेत. मी ती कारणे झटकून टाकणारा माणूस नाही. कारगिल झाले, मुंबई झाली, २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगाम झाले. सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतर सप्टेंबरात दुबईच्या सामन्यात आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही. ते बरोबर की चूक यावर आपल्याच वाचनकक्षात आठवडाभर वाद चालला होता आणि तो अजून मिटलेला नाही. ज्याच्या घरचा मुलगा सीमेवर उभा आहे त्याला हिरवे निशाण पाहून काही वाटू नये, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. वाटणे ही ज्याची त्याची गोष्ट आहे. वाटण्यावरून दुसऱ्याला तुरुंगात घालता येते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या प्रेक्षकांचे या बाबतीतले वर्तन नेहमी एकसारखे राहिलेले नाही. १९९१ मध्ये पाकिस्तानचा संघ येणार म्हणून वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली. १९९९च्या जानेवारीत दिल्लीची उखडली गेली. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी चेन्नईत पाकिस्तानने आपल्याला बारा धावांनी हरवले. सचिनने पाठ दुखत असताना १३६ धावा केल्या होत्या, विजय हातातोंडाशी आलेला होता, आणि तो गेला. त्या क्षणी चेपॉकचे प्रेक्षक उभे राहिले, त्यांनी विजयी पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या संघाने मैदानाला फेरी मारली. तीन आठवड्यांनी कोलकात्याला इतकी दंगल झाली की प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या मैदानात सामना संपवावा लागला. देश एकच, महिनाही जवळजवळ एकच. २००४ मध्ये आपला संघ पाकिस्तानात गेला; कराचीच्या पहिल्या सामन्यात आपण पाच धावांनी जिंकलो, आणि कराचीकरांनी उभे राहून आपल्या संघाला दाद दिली. त्या दौऱ्यात दोन्ही देशांची निशाणे एकत्र शिवलेले कापड प्रेक्षकांच्या हातात दिसे. शिवण कोणत्या शिंप्याने घातली असेल, असा विचार मला तेव्हा आला होता. आपले शहर कापडाचे आहे, म्हणून आला असावा. मूळचे कराचीचे आणि शिकागोला स्थायिक झालेले 'बशीर चाचा' म्हणून एक गृहस्थ दोन्ही देशांच्या रंगांचे कपडे घालून सामने पाहत असत. धोनी त्यांना तिकिटे मिळवून देई, हे सर्वश्रुत आहे.

मग १४ ऑक्टोबर २०२३ चा अहमदाबादचा सामना आठवा. लाखाहून अधिक प्रेक्षक, सारे निळे. पाकिस्तानी प्रेक्षकांना व्हिसाच मिळाले नव्हते. हिरव्या निशाणावर बंदी घालण्याची गरजच उरली नव्हती. आणि २०२४च्या डिसेंबरात असे ठरले की २०२७ पर्यंत दोन्ही देश एकमेकांच्या भूमीवर न खेळता तिसऱ्या ठिकाणी खेळतील. म्हणजे मैदानावरचा प्रश्न तूर्त संपला. तो आता गल्लीत आणि घराच्या गच्चीवर आला आहे.

सीमेपलीकडची एक हकीकत सांगतो. २६ जानेवारी २०१६ रोजी ॲडलेडला विराट कोहलीने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद ९० धावा काढल्या. पाकिस्तानी पंजाबातल्या ओकाडा जिल्ह्यातील एका तरुण शिंप्याला कोहली इतका आवडे की त्याने आनंदाने आपल्या घरावर भारताचा तिरंगा लावला. पोलिसांनी त्याला अटक केली. त्याचे म्हणणे एवढेच होते की मी कोहलीचा चाहता आहे, हेर नव्हे. ही बातमी आपल्याकडे सर्वांनी वाचली आणि सर्वांनी त्याच्याविषयी हळहळ व्यक्त केली. पाकिस्तान किती कोत्या मनाचे आहे, असेही म्हटले. मीही म्हटले होते.

सतरा महिन्यांनी आपली पाळी आली. १८ जून २०१७, रविवार. लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना. पाकिस्तानने आपल्याला १८० धावांनी हरवले. आपल्या जिल्ह्यातल्या मोहद गावात काहींनी पाकिस्तानच्या विजयाच्या घोषणा दिल्या, फटाके उडवले, मिठाई वाटली, असा आरोप झाला. गावातल्या पंधरा मुसलमान पुरुषांना अटक झाली, आणि त्यांच्यावर राजद्रोहाचे कलम लावले गेले. ज्या कलमाखाली १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर खटला झाला तेच कलम, आता शेतमजुरी करणाऱ्या माणसांवर, क्रिकेटच्या एका सामन्यासाठी. दोन-चार दिवसांतच राजद्रोह टिकणार नाही हे ध्यानात आल्यावर ते कलम काढून दोन समाजांत वैर पसरवल्याचे कलम घातले गेले. ज्याच्या नावाने फिर्याद होती तो गावातलाच हिंदू शेजारी उघडपणे म्हणू लागला की, मी अशी फिर्याद दिलेलीच नाही. महिनाअखेर आरोपी जामिनावर सुटले. मग तारखा सुरू झाल्या. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला तारीख म्हणजे काय हे मी या सभेला सांगायला नको; त्या दिवसाची मजुरी जाते, गाडीभाडे जाते, वकिलाचे जाते. अशी सहा वर्षे गेली. त्यांतल्या एकाने निकाल येण्याआधीच आपले आयुष्य संपवले. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या बुऱ्हाणपूरच्या न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. घोषणा झाल्याचे ना फिर्यादीने सांगितले, ना साक्षीदारांनी.

कोणी म्हणेल, ते निर्दोष ठरले, विषय मिटला. मला तसे वाटत नाही. समजा घोषणा दिल्या असत्या. समजा एखाद्याने खरोखर हिरवे निशाण हलवले असते. तर? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बलवंतसिंग खटल्यात सांगितले आहे की, ज्यातून हिंसा उद्भवली नाही अशा तुरळक घोषणांनी राजद्रोह होत नाही. आणि त्या घोषणा क्रिकेटच्या नव्हत्या, इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी चंदिगढला दिलेल्या फुटीर घोषणा होत्या. आपल्या ध्वजसंहितेत परदेशी ध्वजांबरोबर तिरंगा लावताना त्याचे स्थान कोणते असावे याचे तपशीलवार नियम आहेत. प्रेक्षकाने पाहुण्या संघाचे निशाण हाती घेऊ नये असे तिच्यात कोठेही नाही. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने आपल्या मोबाइलवर १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा लिहिल्या म्हणून गुन्हा दाखल झाला होता. ७ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असे त्यांनी म्हटले. तो निकाल मी दोनदा वाचला. आरोपी माझ्याच व्यवसायातला होता, हे त्याचे एक कारण.

निकाल लागतात, पण ते गल्लीपर्यंत पोहोचत नाहीत. त्या निकालानंतर वर्षही झाले नव्हते, २३ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईत भारताने पाकिस्तानला हरवले. आपण जिंकलो होतो! तरी मालवणात एका भंगारवाल्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाने देशविरोधी घोषणा दिली असा आरोप झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाचे दुकान पालिकेने बुलडोझरने पाडले. सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये त्याबद्दल नोटीस काढली. पंधरा वर्षांचा मुलगा काय बोलला, हे खटल्याने ठरायचे होते. पत्रे आधीच खाली आले होते.

इंग्लंडमध्ये १९९० साली नॉर्मन टेबिट नावाच्या एका बड्या पुढाऱ्याने एक कसोटी सुचवली होती. आशियातून येथे येऊन स्थायिक झालेले लोक क्रिकेटच्या सामन्यात कोणत्या संघाला दाद देतात, ते पाहा; म्हणजे त्यांची निष्ठा कळेल. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांना राग आला होता. लंडन-लेस्टरचे मराठी, गुजराती, पंजाबी लोक ब्रिटनचा पासपोर्ट खिशात ठेवून भारताचा तिरंगा हलवतात आणि आपल्याला ते गोड वाटते. न्यू जर्सीतल्या आपल्या भाच्याने अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात तिरंगा धरलेले छायाचित्र आपण कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवतो. मोहदच्या माणसाचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा नाही, तो येथेच जन्मला, हा फरक आहे खरा. पण मग कसोटी निष्ठेची उरते की जन्माची? आणि ती फक्त काहींनाच का द्यावी लागते? वेस्ट इंडीजच्या रिचर्ड्सवर जीव टाकणारे माझ्या पिढीतले कितीतरी मित्र मला आठवतात. त्यांच्या निष्ठेची चौकशी कोणी केली नाही.

आपल्या भाषेत कर्तबगारी सांगायची झाली तर आपण 'अटकेपार झेंडा लावला' असे म्हणतो. १७५८ची ती गोष्ट. अटक आज पाकिस्तानात आहे. आपल्या वाक्प्रचारांत रणातले निशाण इतके भिनलेले आहे की प्रेक्षकाच्या हातातल्या कापडालाही आपण त्याच नजरेने पाहतो; ते वर गेले की चढाई, खाली आले की पराभव. पण प्रेक्षक शिपाई नसतो. तो तिकीट काढून, डबा घेऊन, मुलाला खांद्यावर बसवून आलेला असतो. खेळ पाहणे म्हणजे काही तासांपुरते कोणाच्या तरी बाजूचे होणे. ही बाजू घेता आली नाही तर खेळ पाहण्यात रसच उरत नाही. आणि बाजू घेण्याची मोकळीक आहे, म्हणूनच चेपॉकच्या त्या टाळ्यांना मोल आहे. दाद सक्तीची असती तर ती कोणी लक्षात ठेवली असती?

आपल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. तो राजा अलीखान फारुकीने सोळाव्या शतकात कोरवला. मशिदीत संस्कृत कशाला, असे त्याला कोणी विचारले की नाही याची नोंद नाही. पाहुण्यांना ती भिंत दाखवणारे आपण आणि मोहदच्या बातमीवर त्या आठवड्यात गप्प राहिलेले आपण, एकच आहोत. मीही गप्प होतो. जुलै सुरू होत होता, महाविद्यालयात प्रवेशाची धांदल होती. ही सबब मी स्वतःला दिली होती.

शेवटी एक कामाची गोष्ट. या व्याख्यानासाठी मी आपल्या ग्रंथालयातल्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या. जून २०१७ च्या फायलीत अटकेची बातमी सापडायला दोन मिनिटे लागली. पहिल्या पानावर, जाड अक्षरांत. ऑक्टोबर २०२३ मधली निर्दोष सुटकेची बातमी शोधायला मला पुरी दुपार लागली. ती आतल्या पानावर, पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाखाली, नऊ ओळींची आहे. ग्रंथपालांना माझी विनंती आहे की शताब्दीच्या निमित्ताने फायलींची नवी बांधणी होणार आहे, तेव्हा त्या नऊ ओळींची एक प्रत काढून जून २०१७ च्या त्या पानाला जोडून टाकावी. कार्यवाहांनी होकार दिला आहे. डिंक आणि कागदाचा खर्च माझ्याकडे.